सांगली-मिरजेकडचा दुहेरी एक्सल लोबेड ट्रेलर: फोर बाय फोर ट्रॅक्टरमागं मिनी पोकलेन न्यायला घ्यावा का?

द्राक्षबागेत ड्रिपची मेन लाइन गाडायची असो, शेततळं काढायचं असो की ओढ्याकाठच्या ताली दुरुस्त करायच्या असोत, तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यात आता मिनी पोकलेनच बोलावतात. जेसीबी टायरवर असतो. त्याची नोंदणी होते आणि तो स्वतःच्या चाकांवर रस्त्यानं जातो. पोकलेनला चाकांऐवजी साखळी (ट्रॅक) असते, त्यामुळं तिला वाहूनच न्यावं लागतं. रॅम्प असलेला ट्रक दरवेळी भाड्यानं आणायचा, नाहीतर आपल्या ट्रॅक्टरमागं लोबेड, म्हणजे बुटक्या प्लॅटफॉर्मचा ट्रेलर, जोडायचा. ऊसट्रॉल्या बांधणारे बरेच कारखाने मागणीप्रमाणं असा लोबेड बांधून देतात. हे परीक्षण त्याच बांधणीचं आहे. एका कारखान्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण सगळीकडं नमुना जवळपास एकच आणि उणिवाही त्याच.

आधी मापं. चाकांच्या मधे बसवलेला प्लॅटफॉर्म ३.६ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद, जमिनीपासून उंची ६५ सेंटिमीटर. मागच्या बाजूला दोन एक्सल जवळजवळ, ७.५०-१६ चे चार टायर. ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीच्या कडीपासून दोन्ही एक्सलच्या मध्यापर्यंत अंतर ३.६ मीटर. बाहेरून बाहेर रुंदी २.३५ मीटर, म्हणजे नियमातल्या २.६ मीटरच्या आत. रिकामं वजन सुमारे १.६ टन, एकूण भारासह ६ टन. साडेतीन टनी मशीन, वर ब्रेकर (खडक फोडायचा हातोडा) आणि दोन बकेटांचे तीनशे किलो धरले तर मागं ५.४ टन येतात. पुढं ५० ते ५५ एचपीचा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारा ट्रॅक्टर, साधारण २.४ टनांचा. सगळी गाडी मिळून ७.८ टन. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यांवर आहेत.

सांगाडा चांगला आहे, हे मोकळेपणानं सांगायला हवं. उसाच्या ट्रॉल्या बांधून हात बसलेले लोक आहेत. मुख्य चॅनेलची जोडणी, आडवे क्रॉस मेंबर, वेल्डिंगची भर यात खोट काढायला जागा नाही. दोन्ही बाजूंच्या कमानपाट्यांच्या मधे डोलणारा बॅलन्सर असेल तर दोन्ही एक्सल सारखा भार घेतात. तो नसेल तर बांधावरून किंवा स्पीडब्रेकरवरून जाताना क्षणभर सगळा भार एकाच एक्सलवर येतो आणि पाटा तुटतो. स्वस्तातल्या बांधणीत बॅलन्सर गाळतात, तेव्हा ऑर्डर देताना हे पहिलं विचारावं.

ओढण्याबद्दलही तक्रार नाही. आठ टक्के चढावर ७.८ टन वर न्यायला चढाचा विरोध आणि चाकांचा घर्षणविरोध मिळून साडेसात किलोन्यूटनच्या आसपास ओढ लागते. ताशी १२ किलोमीटर वेगाला त्यासाठी चाकांवर साधारण २५ किलोवॅट, म्हणजे ३४ एचपी हवेत. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर ते देतो. यवतेश्वर घाट असो की पसरणी घाट, खालच्या गिअरमधे गाडी वर चढते. कृष्णाकाठच्या काळ्या रानातून पाऊस पडून गेल्यावर भरलेला लोबेड बाहेर काढायचा असेल तर फोर बाय फोरशिवाय भागत नाही. टू व्हील ड्राइव्ह तिथं नुसता जागेवर खड्डा करतो.

ब्रेक: सगळ्यात मोठी उणीव

हा लोबेड मुळात ब्रेकशिवाय मिळतो. ब्रेक जादाचं काम म्हणून वेगळे लावून घ्यावे लागतात, आणि कारखान्यात हमखास ऐकू येतं, "ब्रेक कशाला पायजे दादा, ट्रॅक्टरला हायत की." हे म्हणणं धोक्याचं का आहे, ते आकड्यांत पाहा.

ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर चालतात. दांडीचं वजन धरून मागच्या चाकांवर सुमारे २.१ टन येतात. कोरड्या डांबरावर पकड ०.६ धरली तर थांबवणारी ताकद सव्वा टनाच्या आसपास. थांबवायचे आहेत ७.८ टन. आठ टक्के उतारावर त्यातली निम्मी ताकद गाडी नुसती तोलून धरण्यात जाते. ताशी २० किलोमीटर वेगातून थांबायला ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटर लागतात. रस्ता ओला झाला आणि पकड ०.४ वर आली की हेच अंतर ५५ मीटरच्या पुढं जातं. घाटात ५५ मीटरच्या आत वळण येतं. त्याच ओल्या उतारावर ट्रेलरच्या चारही चाकांना बरे ब्रेक असतील तर गाडी ७-८ मीटरमधे थांबते. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्ष आकडे टायर आणि रस्त्याप्रमाणं बदलतील, पण एवढा फरक टायर बदलून भरून निघत नाही.

शिवाय बिनब्रेकचा ट्रेलर उतारावर सुमारे ४३० किलोच्या जोरानं ट्रॅक्टरला मागून ढकलत असतो. सरळ रस्त्यावर हे कळत नाही. वळणावर ट्रॅक्टर आणि दांडीत कोन पडला की हा जोर मागच्या चाकांना बाजूला ढकलतो आणि ट्रॅक्टर ट्रेलरवर दुमडतो.

फोर बाय फोरचा ब्रेकसाठी उपयोग होतो, पण तो नीट समजून घ्यायला हवा. लिव्हर टाकल्यावर पुढचा एक्सल शाफ्टनं मागच्याशी बांधला जातो, त्यामुळं मागचे ब्रेक पुढच्या चाकांनाही धरतात. मुरमाच्या, खडीच्या किंवा चिखलाच्या उतारावर लिव्हर टाकूनच उतरावं. कोरड्या डांबरावर मात्र तो टाकून गाडी चालवायची नाही. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं फिरतील असंच त्यांचं प्रमाण ठेवलेलं असतं. मातीत ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर घसरायला वाव नसतो, मग शाफ्ट आणि गिअर ताणाखाली येतात आणि पुढचे टायर काही महिन्यांत खरवडून निघतात. म्हणजे डांबरी घाटात फोर बाय फोरच्या भरवशावर राहता येत नाही. तिथं ट्रेलरचेच ब्रेक हवेत.

ते दोन प्रकारे लावता येतात. पहिला धक्क्याचा ब्रेक: ट्रॅक्टर हळू झाला की ट्रेलर पुढं येतो, दांडीतला सरकता भाग मास्टर सिलिंडर दाबतो आणि चाकांना ब्रेक लागतो. जोडायला सोपा, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला हात लावावा लागत नाही. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत राहतो, त्यामुळं ब्रेक सतत घासत राहतात आणि ड्रम तापून पकड सोडतात. मागं घेताना, विशेषतः चढावर, ब्रेक आपोआप लागून बसतात. त्यासाठी रिव्हर्सची अडकवण हवी आणि ती पुढं निघताना न विसरता काढायला हवी. दुसरा हायड्रॉलिक ब्रेक: ट्रॅक्टरचा पेडल दाबला की ट्रेलर ब्रेक व्हॉल्व्हमधून तेलाचा दाब ट्रेलरच्या सिलिंडरला जातो. आमचा कौल याच प्रकाराला. पेडल जितका दाबू तितका ब्रेक लागतो आणि घाटात तो हवा तेव्हाच लागतो. मात्र आपल्या ट्रॅक्टरला असा व्हॉल्व्ह कंपनीकडून बसतो का, हे आधी विचारावं. जॅकच्या लाइनमधून जुगाड करून तेल घेतलं तर ब्रेक एकतर अजिबात लागत नाही, नाहीतर एकदम जाम होतो.

ब्रेक दोन्ही एक्सलना घ्या. एकाच एक्सलवर ब्रेक असेल तर ओल्या रस्त्यावर तीच दोन चाकं जाम होऊन घसरतात. दांडी सुटली तर आपोआप ब्रेक ओढणारी तार आणि उभ्या गाडीसाठी हँडब्रेक हेही त्याच वेळी बसवून घ्या, मागून बसवणं महागात पडतं.

आणि ट्रॅक्टरवरची एक कडी. डावा आणि उजवा ब्रेक पेडल एकमेकांना जोडणारी. रानात नांगरट करताना ती काढलेली असते. रस्त्यावर तशीच राहिली आणि घाईत एकच पेडल दाबला गेला तर मागचं एकच चाक धरतं आणि मागं साडेपाच टन असताना ट्रॅक्टर आडवा फिरतो. लोबेड जोडायच्या आधी हात लावून बघायची पहिली गोष्ट हीच.

दांडी, पिन आणि वजनाची जागा

कडी गोल आणि जाड आहे, पिन बरी आहे, पण पिनेला अडकवायची क्लिप कारखान्यातून येतच नाही. अनेक ठिकाणी तिथं तारेचा वळसा दिसतो. स्प्रिंगची आर-क्लिप किंवा लिंच पिन घ्या, आणि दांडीखालून फुलीसारख्या दोन सेफ्टी चेन. फुलीसारख्या अशासाठी की पिन गेली तर दांडी जमिनीत न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडते. कडीची आतली जाडी दहा टक्के झिजली की ती बदलायची, वरून भर टाकून वेल्डिंग करायचं नाही.

जोडायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या पट्टीलाच). अवजारं जोडायच्या तीन पॉइंटच्या वरच्या लिंकला किंवा उंचावर बसवलेल्या हुकाला ओढ दिली तर ती मागच्या एक्सलच्या वर येते. चढावर मागची चाकं रुतली किंवा ट्रेलर अडकला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो चालकाच्या अंगावर मागं उलटतो. सावरायला सेकंदसुद्धा मिळत नाही.

दुहेरी एक्सल मागं असल्यामुळं दांडीवर वजन येतं आणि ते यायलाच हवं, एकूण ट्रेलर वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ५४० किलोच्या आसपास. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ड्रॉबारवर किती उभं वजन चालतं ते दिलेलं असतं, त्याच्या आत राहायचं. मशीन १५ सेंटिमीटर पुढं-मागं उभी केली तरी दांडीवर सुमारे १४५ किलोचा फरक पडतो. फार पुढं गेली तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टेअरिंग सैल पडतं. पुढच्या एक्सलवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान वीस टक्के राहिलेच पाहिजेत, कमी पडत असतील तर पुढं वजनं लावावीत. फार मागं गेली तर दांडी वर उचलते आणि मागची चाकं, म्हणजे ब्रेकची चाकं, हलकी होतात. योग्य जागा एकदा वजनकाट्यावर ठरवायची. ऊसपट्ट्यात काटा शोधायला लांब जावं लागत नाही. लोबेड ट्रॅक्टरपासून सोडून नुसती दांडी काट्यावर टेकवायची, आकडा जमला की प्लॅटफॉर्मवर साखळीच्या पुढच्या टोकाला रंगाची आडवी रेघ मारून ठेवायची. दरवेळी मशीन त्या रेघेवर.

चढवणं आणि बांधणं

इथं कारखान्याची चूक साधी आहे: रॅम्प आखूड. सोबत मिळतात त्या फळ्या १.८ मीटरच्या. ६५ सेंटिमीटर उंचीला त्याचा कोन २१ अंश होतो. मिनी पोकलेनच्या पुस्तिका साधारण १५ अंशांच्या आत रॅम्प ठेवायला सांगतात, त्यासाठी अडीच मीटरची फळी हवी. पाऊण मीटर लोखंड वाचवण्यासाठी मशीन उलटण्याचा धोका घ्यायचा, हे पटण्यासारखं नाही. फळीवर आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असाव्यात. लोखंडी साखळी गुळगुळीत लोखंडावर, त्यात पाऊस किंवा डिझेल सांडलेलं असेल तर, बर्फावर घसरावी तशी घसरते. रबर ट्रॅक असेल तर आधी चिखल खरवडून काढा.

मागच्या बाजूला खाली टेकणारे दोन पाय हवेतच. मशीन फळीवरून प्लॅटफॉर्मच्या शेपटावर येते तेव्हा सगळं वजन एक्सलच्या मागं असतं, दांडी वर उसळते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं उचलते. हँडब्रेक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर असतो, म्हणजे नेमक्या त्याच क्षणी गाडीला ब्रेक उरत नाही. पाय टेकवा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड नव्हे तर पाचर लावा, मगच चढवा.

चढवताना साखळी फिरवणारं ड्राइव्हचं चाक मागं, बूम (मशीनचा हात) पुढं, बकेट फळीपासून वीत-दीड वीत वर. फळीवर असताना वळवायचं नाही. सरळ नसेल तर खाली घेऊन पुन्हा लावायचं. जागेवर आली की बूम खाली करून बकेट लाकडी ओंडक्यावर टेकवायची, वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंगची पिन लावायची, इंजिन बंद करून लिव्हर हलवून दाब सोडायचा आणि हायड्रॉलिकचं लॉक पाडायचं.

बांधायला चार कोपऱ्यांत चार साखळ्या, चारही बाजूंना तिरक्या. प्लॅटफॉर्मवर आलेले हूक १२ मिलिमीटर सळईचे वाकवलेले असतात, ते काढून जाड प्लेटच्या डोळ्या वेल्ड करून घ्या. साखळी ग्रेड ८० ची, १० मिलिमीटर: कामाची क्षमता ३.१५ टन आणि कड्यांवर तसा शिक्का असतो. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या साखळीची ताकद कुणीच सांगू शकत नाही. युरोपातल्या मानकात जोरदार ब्रेक मारल्यावर मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढं येतो असं धरून बांधणी करतात. साडेतीन टनी मशीनला तो २.८ टन होतो. साखळी मशीनच्या खालच्या फ्रेममधल्या बांधायच्या जागांनाच लावायची, सिलिंडरच्या चकचकीत रॉडला किंवा ट्रॅकला कधीच नाही. बूमला पाचवा बांध. रॅचेट पट्टा ब्रेकर आणि सुट्या बकेटांसाठी ठीक आहे, मशीनसाठी नाही. धारेवर घासून तो आत कापला जातो आणि बाहेरून दिसत नाही. पाच किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे बांध पुन्हा ताणायचे, कारण मशीन हादऱ्यानं बसते आणि साखळ्या सैल होतात.

टायर, हब, दिवे

टायर नवीनच मागा. मूळ किमतीत रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) येतात. ७.५०-१६ च्या १६ प्लायला लोड इंडेक्स १२२ असेल तर एका टायरला १५०० किलो. आपल्या भारात एका टायरवर १२०० च्या आसपास येतात, म्हणजे चांगल्या टायरला पुरेशी सवड आहे. हब जुन्या ट्रकचे वापरलेले असतील तर बेअरिंग आणि ऑइल सील समोर बदलून घ्या. वीस किलोमीटरनंतर हबला हात लावून बघायचा. हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग आवळलेलं आहे किंवा ब्रेक चिकटलाय.

दिव्यांचं वायरिंग अगदी वाईट. अर्थिंग चॅसिसलाच दिलेलं असतं, दांडीच्या पिनेतून ते ट्रॅक्टरला भिडेल या आशेवर. गंज आला की टेल लॅम्प मंद होतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकतो. सात पिनी सॉकेट बसवून अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढून घ्या. मागं लाल, बाजूला पिवळे रिफ्लेक्टर आणि परावर्तक पट्टी पूर्ण रुंदीला. गळीत हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉलीला मागून धडकून माणसं जातात हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे, तरी हेच काम शेवटी आणि घाईत उरकलं जातं याचं वाईट वाटतं.

कागद

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते. कारखान्याकडून फॉर्म २१ चं विक्री प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ चं रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र मिळणार का, चॅसिस नंबर ठोकलेला आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी बघा. ते नसेल तर सांगली असो, सातारा की कराड, आरटीओत नोंदणीचं काम अडतं. रस्त्यावर ट्रॅक्टरचा नंबर ट्रेलरच्या मागंही दिसला पाहिजे. विम्यात ट्रेलरचा उल्लेख आणि त्याचा हप्ता वेगळा लागतो. नुसत्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर विसंबू नका.

सगळ्यात जास्त गफलत इथं होते: शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर शेतीमालाची वाहतूक करण्यासाठी आहे. त्याच्यामागं भाड्याची पोकलेन घालून रस्त्याच्या ठेक्यावर नेली तर तो व्यावसायिक वापर होतो. दंड होतोच, पण अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला हेच कारण पुरतं. भाड्याचा धंदा करायचा असेल तर ट्रॅक्टर आणि ट्रेलर दोन्हींची व्यावसायिक नोंदणी करून घ्या. आणि ६ टनांच्या लोबेडवर साडेपाच टनी मशीन चढवू नका: रिकामं वजन धरून ते ७.१ टन होतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथंच उतरवावा लागतो. घाटाच्या तोंडाशी पोकलेन उतरवून ठेवायची वेळ कुणावर येऊ नये.

फोर बाय फोर पिकअपमागं हाच लोबेड चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. पिकअपच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येतं याचा आकडा दिलेला नसेल तर बाजारातला हूक वेल्ड करून तो आकडा तयार होत नाही, आणि ५.४ टन आपल्याकडच्या पिकअपच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

घ्यावा का? साडेतीन टनांपर्यंतची मशीन, वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतली कामं, स्वतःचा ५० एचपीच्या वरचा फोर बाय फोर: एवढं असेल तर घ्या, पण ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. दोन्ही एक्सलना हायड्रॉलिक ब्रेक, बॅलन्सर, अडीच मीटरचे रॅम्प, मागचे पाय, प्लेटच्या डोळ्या, नवीन टायर, स्वतंत्र अर्थिंग, फॉर्म २१ आणि २२. यातलं ब्रेकचं काम कारखाना करून देत नसेल तर दुसरा कारखाना बघा. रोज कुंभार्ली घाट चढ-उतार करायचा असेल किंवा मशीन साडेतीन टनांच्या पुढची असेल तर हा ट्रेलर तुमच्या कामाचा नाही, रॅम्पचा ट्रकच भाड्यानं घ्या. लोबेड ताब्यात आल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे सगळे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवा रंग दबला की दोन्ही सैल होतात.